सेंटिमीटरचं भाडं: वाद्य परदेशी पाठवणाऱ्या सेवा जोखताना

हार्ड केससकट अकूस्टिक गिटार खोक्यात बांधून तराजूवर ठेवली तर नऊ किलोच्या आसपास भरते. एक्सप्रेस कुरियरच्या पावतीवर मात्र अठ्ठावीस किलो लागतात. पहिल्यांदा वाद्य परदेशी विकणाऱ्याला इथेच आपण फसलो असं वाटतं. तसं काही नसतं. विमानात विकली जाते ती जागा, आणि वाद्य म्हणजे बहुतांशी लाकडाने वेढलेली पोकळी. त्या पोकळीचंच भाडं द्यावं लागतं.

हिशेब सोपा आहे. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणाकार करायचा आणि एक्सप्रेस कुरियरसाठी ५००० ने, साध्या हवाई मालवाहतुकीसाठी ६००० ने भागायचं. येणारा आकडा आणि खरं वजन यांतलं जे जास्त, त्यावर भाडं. ड्रेडनॉट म्हणजे मोठ्या धडाच्या गिटारची केस बाहेरून साधारण १०९ × ४४ × १६.५ सेंटिमीटर असते. तिच्याभोवती सगळीकडून पाच सेंटिमीटर सोडून खोका केला तर तो ११९ × ५४ × २६.५ होतो आणि आकारमानी वजन ३४ किलोंवर जातं. तोच खोका १२० × ५० × २३ चा केला तर २७.६, म्हणजे पुढच्या किलोला पोचवून २८. मधली सहा किलो निव्वळ हवा आहे. धक्का बसतो तो टोकांना, म्हणून डोक्याकडे आणि बुडाकडे साडेपाच सेंटिमीटर हवेतच. बाजूंना आणि पाठीपोटाला केस भक्कम असेल तर तीन पुरतात.

यातून एक उलटी गोष्ट निघते आणि ती फार कमी लोक वापरतात. आकारमानाचे २८ किलो भरणारच असाल तर खरं वजन नऊवरून पंधरा किलोवर गेलं तरी भाडं तेवढंच राहतं. म्हणजे कुरियरने पाठवताना जाड पुठ्ठा, प्लायवूडचा तुकडा, जड केस, भरगच्च कागद हे सगळं जादा भाडं न देता जातं. काटकसर सेंटिमीटरची करायची, किलोची नाही. टपालाने पाठवताना गणित नेमकं फिरतं, कारण बहुतेक देशांचं टपाल खातं अजून खऱ्या वजनावर दर लावतं. तिथे हलकी केस आणि हलका खोका बरा. सेवा आधी ठरवायची आणि मग बांधणी, ती याचसाठी. बरेच जण आधी खोका बांधतात आणि मग दर विचारत फिरतात.

टपाल: ईएमएस

खोका बसत असेल तर मध्यम किमतीच्या गिटारसाठी ईएमएस (टपाल खात्यांची आंतरराष्ट्रीय जलद सेवा) अजूनही सगळ्यांत परवडणारी वाट आहे. ‘बसत असेल तर’ हेच इथलं कलम. सर्वसाधारण मर्यादा ३० किलो वजनाची, दीड मीटर लांबीची, आणि लांबी अधिक घेर मिळून तीन मीटरची. घेर म्हणजे रुंदी आणि उंचीच्या बेरजेची दुप्पट. वरचा १२० × ५० × २३ चा खोका घेतला तर १२० अधिक १४६, म्हणजे २६६ सेंटिमीटर. निघून जातो. पण मर्यादा पाठवणाऱ्या देशाची नव्हे, दोन्ही देशांची पाळावी लागते. काही देश १.०५ मीटर लांबी आणि दोन मीटर बेरीज यापुढे पार्सल घेत नाहीत. तिथे गिटारचा विषयच संपतो. काउंटरवरच्या माणसाला हे पाठ असेलच असं नाही. घेतलेलं पार्सल चार दिवसांनी परत येतं तेव्हा कारण बहुधा हेच असतं.

टपालाचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे वाटेत मालक बदलतो. तुमच्या देशातलं टपाल ते विमानतळापर्यंत नेतं, पुढे घेणाऱ्या देशाचं टपाल खातं ताब्यात घेतं. ट्रॅकिंग या सांध्यावर पाच-सात दिवस मुकं होतं. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवलं नाही तर तो तिसऱ्या दिवशी पैसे परत मागतो. चौकशी आणि भरपाईचा दावा करायचा तोही पाठवणाऱ्याने, पाठवलेल्या देशात. चांगली बाजू अशी की सीमाशुल्काचा सोपस्कार टपालच उरकतं आणि त्यासाठीची हाताळणी फी कुरियरपेक्षा सहसा कमी असते.

अमेरिकेत पाठवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला तिथे जी शुल्कमाफी होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवली गेली. त्या सुमारास अनेक टपाल खात्यांनी अमेरिकेची पार्सलं घेणंच काही काळ बंद केलं होतं. म्हणून बुकिंगच्या दिवशी सेवा चालू आहे का, आणि शुल्क आगाऊ भरायचं की पोचल्यावर, हे विचारूनच खोका उचलावा.

एक्सप्रेस कुरियर

उचलण्यापासून दारात पोचेपर्यंत एकच कंपनी, ट्रॅकिंग सलग, कस्टमचं काम त्यांच्याच माणसांकडे. व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट अशा आटोपशीर वाद्यांसाठी याला तोड नाही. व्हायोलिनचा ९० × ३८ × २५ चा खोका १७.१ आकारमानी किलोंचा होतो. भाडं जाणवतं, पण चार-पाच दिवसांत वाद्य हातात पडतं आणि गोदामात कमी दिवस राहतं. लाकडी वाद्याला याची किंमत आहे.

अडचण लांबीपासून सुरू होते. ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटिमीटर, ही रेघ लक्षात ठेवण्यासारखी. अनेक कुरियरमध्ये सर्वांत लांब बाजू त्यापुढे गेली की ‘जादा हाताळणी’चा अधिभार लागतो, काही कंपन्यांनी ही रेघ १०० सेंटिमीटरवरच आखली आहे. बाजारात गिटारसाठी म्हणून मिळणारे तयार खोके बहुधा ५० इंचांचे, म्हणजे १२७ सेंटिमीटरचे असतात. पाच सेंटिमीटरपायी दर वेळी दंड. खोका कापून १२० वर आणायला दहा मिनिटं लागतात. काही विक्रेते मुद्दाम मोठा खोका करतात, कारण तो पट्ट्यावरून न जाता हाताने हलवला जातो. खरं आहे, पण हाताने हलवल्या जाणाऱ्या ढिगात टायर, पाईप आणि मोटारींचे बंपरही असतात. आम्ही तरी हा डाव सुचवणार नाही.

दरपत्रकावरचा आकडा अंतिम नसतो. त्यावर इंधन अधिभार, दूरच्या पिनकोडचा अधिभार, आणि गिऱ्हाइकाच्या वतीने शुल्क भरल्याची फी लागते. ही शेवटची फी गिऱ्हाइकाला दारात कळली की भांडण ठरलेलं. शिवाय कुरियर स्वतःच्या यंत्रावर खोका पुन्हा मोजतं. फुगलेली बाजू सगळ्यांत उंच ठिकाणी मोजली जाते, त्यामुळे आत कोंबलेल्या कागदाने पोट पुढे आलं तर दोन सेंटिमीटर वाढतात आणि दोन आठवड्यांनी फरकाचं बिल येतं. बांधून झाल्यावर टेप लावून टोकाला, मध्ये आणि परत टोकाला मोजावं, आणि मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवावा.

स्वस्त दर दाखवणाऱ्या बुकिंगच्या मध्यस्थ संकेतस्थळांविषयी थोडक्यात: दर खरोखर कमी असतात, गाडी त्याच कुरियरची येते. पण करार मध्यस्थाशी झालेला असतो. काही मोडलं तर कुरियर तुमच्याशी बोलतच नाही, दावा मध्यस्थामार्फत जातो, आणि त्याच्या अटींत वाद्यं वगळलेली आहेत का हे बुकिंग करताना कोणी वाचलेलं नसतं. केबल, पेडल, इफेक्ट्स बॉक्स यांना चालेल. वाद्याला नको.

हवाई मालवाहतूक

सतार घ्या. फायबरची केस १३० × ३८ × ३८ धरली तर खोका १४० × ४८ × ४८ होतो. लांबी अधिक घेर ३३२ सेंटिमीटर, ईएमएस बाद. ज्या कुरियरची मर्यादा ३३० आहे तेही दोन सेंटिमीटरसाठी बाद, ४०० वाल्याकडे जाईल. आकारमानी वजन ५००० ने ६४.५ किलो, ६००० ने ५३.८. खरं वजन पंधरा-सोळा. चेलो, डबल बास, ड्रमचा संच यांचीही हीच गत. इथे फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था लावणारा मध्यस्थ, याच्यामार्फत साधी हवाई मालवाहतूक बघावी.

तिचा किलोचा दर निम्म्यावर दिसतो, पण तो विमानतळ ते विमानतळ असतो. पुढे गिऱ्हाइकाने कस्टम दलाल नेमायचा, टर्मिनलचं शुल्क भरायचं, आणि ठरलेल्या मोफत दिवसांत माल सोडवायचा. एकेक दिवस उशिराला गोदामभाडं चढतं. गिऱ्हाईक दुकानदार असेल तर त्याला हे नवं नसतं. घरी वाजवायला वाद्य घेणारा माणूस मात्र यात हरवतो. अशा वेळी फॉरवर्डरकडून दारापर्यंतचा एकच भाव घ्यावा, आणि त्यात दलाली धरली आहे ना हे लेखी घ्यावं.

लाकडी पेटी करणार असाल तर आयएसपीएम १५ हा लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय नियम लागतो. सलग लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलेलं आणि त्यावर एचटीचा (उष्णता दिल्याचा) शिक्का उमटवलेला हवा. शिक्का नसलेली पेटी पोचल्यावर अडवली जाते, परत पाठवली जाते किंवा नष्ट करायला सांगितली जाते. प्लायवूडला हा नियम लागू नाही, कारण ते कारखान्यात उष्णतेने आणि दाबाने बनतं. म्हणून पेटी पूर्ण प्लायवूडची करावी. फक्त कोपऱ्यात ठोकलेल्या लाकडी पट्ट्या विसरू नयेत, त्यांना शिक्का लागतोच.

समुद्रमार्गे एकटंदुकटं वाद्य पाठवू नये. उन्हात उभ्या कंटेनरचा वरचा भाग ६० अंशांपर्यंत तापू शकतो, आणि सरसाचे जोड त्याच सुमाराला मऊ पडू लागतात. पियानोला दुसरा व्यवहार्य पर्याय नसतो म्हणून तो जहाजाने जातो.

केसच्या आत काय करायचं

सेवा कितीही चांगली असो, खोका कमरेच्या उंचीवरून पडणार असं धरूनच बांधावं. वाद्य मोडतं ते केसच्या आत. बाहेरचा खोका शाबूत आणि आत हेडस्टॉक, म्हणजे गिटारचं खुंट्यांचं डोकं, तुटलेला, हे नुकसान सगळ्यांत नेहमीचं. कारण असं: केस पाठीवर आपटते, गिटारचं धड गादीत थांबतं, डोकं मात्र मागे हेलकावतं. मागे कललेल्या हेडस्टॉकच्या महोगनी मानेत नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे लाकडाचे धागे तिरपे तुटलेले असतात, वर ट्रस रॉडच्या (मानेतल्या धातूच्या सळीच्या) खाचेने तिथलं लाकूड आणखी कमी झालेलं. त्यात सहा स्टीलच्या तारांचा मिळून सत्तर किलोंचा ताण. बारीकसा झटका पुरतो.

म्हणून हेडस्टॉकच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंना कागदाच्या घट्ट गुंडाळ्या बसवायच्या. डोकं दाबलं जाऊ नये, पण हलूही नये. मानेखालचा केसचा आधार खरंच मानेला टेकतो का ते बोट घालून बघायचं, कित्येक केसमध्ये मधे सेंटिमीटरभर पोकळी असते. तारा पूर्ण सोडायच्या नाहीत. दोन ते चार अर्धस्वर खाली उतरवायच्या. ताण बराच कमी होतो आणि मान उलट्या बाजूला वाकत नाही.

दुसरी जागा बुडाची. पट्टा अडकवायचं बटण गिटारच्या बुडाला बाहेर आलेलं असतं. खोका उभा आपटला की सगळा भार त्या बटणावर येतो, ते ठोकळ्यात घुसतं आणि बाजूच्या पातळ लाकडाला उभी चीर जाते. बटण काढून ठेवावं, किंवा भोवती फोमचं कडं असं बसवावं की भार बटणाऐवजी बुडाच्या कडेवर यावा. केसमधल्या कप्प्यातून कॅपो (तारा दाबायचा चिमटा), षट्कोनी चाव्या, ट्यूनर बाहेर काढावेत. कप्प्याचं झाकण उघडून आतला कॅपो पुढच्या पाटावर नाचला की पॉलिशची काय दशा होते ते सांगायला नको. ट्यूनरमध्ये लिथियमचा बटणसेल असतो, तो तर मुळीच जाऊ देऊ नये. टपालाच्या तपासणीत पार्सल त्यावरूनही थांबतं. ॲक्टिव्ह पिकअपची ९ व्होल्टची बॅटरीही काढावी. पॉलिशचे फवारे आणि व्हॉल्व्हचं तेल ज्वलनशील ठरू शकतं. गिऱ्हाइकाला तिकडेच विकत घेऊ दे.

जुन्या नायट्रोसेल्युलोज पॉलिशला प्लास्टिक लागू देऊ नये. पीव्हीसी आणि काही रबरी फोम त्याच्याशी चिकटतात, बबल रॅपचे गोल ठसे कायमचे उमटतात. आधी आम्लविरहित कागद किंवा धुतलेलं सुती कापड, मग बाकीचं.

स्क्रूने मान जोडलेल्या इलेक्ट्रिक गिटारला एक सवलत आहे. चार स्क्रू काढले की मान वेगळी होते. मान आणि धड शेजारीशेजारी ठेवून ७६ × ४६ × २० च्या खोक्यात बसतं. आकारमानी वजन १४ किलो, म्हणजे अख्ख्या गिटारच्या निम्मं. हेडस्टॉक तुटायचा प्रश्नही उरत नाही. गिऱ्हाइकाला आधी विचारावं, स्क्रू पुडीत बांधून धडाला चिकटवावेत, आणि मानेखाली शिम (कोन जुळवणारी पातळ पट्टी) असेल तर ती जागच्या जागी टेपने धरावी. तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगवर तोललेली, दांडीने हलणारी तारांची घोडी) असेल तर घोडीखाली पुठ्ठ्याची घडी अडकवून तो स्थिर करावा आणि दांडी काढावी.

व्हायोलिन आणि चेलोमध्ये आतली साउंडपोस्ट ही लाकडी दांडी केवळ दाबावर उभी असते. सगळ्या तारा एकदम सोडल्या की ती पडते, आणि गिऱ्हाइकाला वाद्य घेऊन कारागिराकडे जावं लागतं. तारा थोड्याच उतरवाव्यात आणि टेलपीसखाली (तारांची खालची टोकं अडकवतात त्या तुकड्याखाली) मऊ कापडाची घडी सरकवावी. वाटेत घोडी आडवी पडलीच तर टेलपीसवरचे बारीक स्क्रू पुढच्या पाटात रुतत नाहीत. गजाचे केस सैल करून, तो केसमधल्या फिरकीत अडकवल्यावरही टोकाला कापड बांधावं.

सतारीची घोडी उलट काढूनच ठेवलेली बरी. तिच्या पायांभोवती तबलीवर (पुढच्या पाटावर) मऊ पेन्सिलीने अगदी हलकी खूण करायची, जवारीचा (तारा जिथे घासतात तो) पृष्ठभाग कापडात गुंडाळायचा. वरचा भोपळा फिरवून निघत असेल तर काढून वेगळ्या डब्यात. खालच्या भोपळ्याला तळातून आधार हवा आणि तो वाटीसारखा, सगळीकडून टेकणारा; एका बिंदूवर टेकला तर तिथूनच तडकतो. हार्मोनियमचा भाता मिटवून पट्टीने बांधावा, पट्ट्यांवर कापडाची घडी ठेवून झाकण दाबून बसवावं. सॅक्सोफोन, क्लॅरिनेटच्या किल्ल्यांखाली बुचाच्या पाचरी घालून त्या बंद स्थितीत धरल्या की दांड्या वाकत नाहीत. तोंडात धरायचा माउथपीस नेहमी वेगळा.

ओलाव्यासाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता धरून ठेवणाऱ्या दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या पुड्या मिळतात. बोव्हेडाची ४९ टक्क्यांची पुडी लाकडी वाद्यांसाठीच आहे. सिलिकाच्या पुड्या टाकू नयेत. त्या फक्त ओलावा शोषतात, आणि कोरड्या थंड देशात जाणाऱ्या पातळ पाटाला तेच नको असतं.

केस खोक्यात ठेवताना भराव म्हणून थर्माकोलचे दाणे वापरू नयेत, ते खाली बसतात आणि जड टोक पुठ्ठ्याला जाऊन टेकतं. घट्ट चुरगळलेला जाड तपकिरी कागद बरा. बंद करून खोका हलवायचा. आत ‘धप्’ असं काही जाणवलं तर उघडून पुन्हा भरायचं. पत्त्याची एक प्रत केसच्या आतही. ‘नाजूक’ची चिठ्ठी लावायची तर लावावी, सरकत्या पट्ट्याला वाचता येत नाही.

कागदपत्रं

बीजकावर ‘वापरलेलं वाद्य’ एवढंच लिहू नये. अकूस्टिक गिटार, सतार यांचा एचएस कोड (सीमाशुल्कासाठी मालाची वर्गवारी सांगणारा आंतरराष्ट्रीय आकडा) ९२०२९०, गजाने वाजणाऱ्या तंतुवाद्यांचा ९२०२१०, पितळी सुषिर वाद्यांचा ९२०५१०, बाकी सुषिर वाद्यांचा ९२०५९०, तालवाद्यांचा ९२०६, इलेक्ट्रिक गिटारचा ९२०७९०. पुढचे आकडे देशागणिक बदलतात. बनवलेला देश आणि पाठवणारा देश वेगळे असू शकतात आणि शुल्क बनवलेल्या देशावरून ठरतं. गिऱ्हाईक हमखास विचारतं, ‘किंमत कमी दाखवाल का, भेट म्हणून लिहाल का?’ नाही म्हणावं. पकडलं गेलं तर दंड, आणि हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीएवढीच.

डीएपी म्हणजे शुल्क घेणाऱ्याने भरायचं, डीडीपी म्हणजे विकणाऱ्याने. काही न लिहिता पाठवलेलं पार्सल शुल्काच्या नोटिशीसकट गिऱ्हाइकापुढे उभं राहतं, तो नाकारतो, आणि परतीचं भाडं तुमच्या माथी बसतं.

लाकडाचं प्रकरण जास्त नाजूक. सायटीस या दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात शिसवीची अख्खी डालबर्जिया प्रजाती २ जानेवारी २०१७ पासून परिशिष्ट दोनमध्ये (परवाना लागणाऱ्या यादीत) गेली आणि जगभर गिटारवाल्यांची धांदल उडाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं, त्यांचे तयार भाग आणि पूरक वस्तू यांना त्यातून सूट आहे. सूट तयार वस्तूंना; फिंगरबोर्डसाठी कापलेल्या कोऱ्या फळीला नाही. ब्राझिलियन शिसव, डालबर्जिया नायग्रा, मात्र १९९२ पासून परिशिष्ट एकमध्ये आहे आणि तिला ही सूट लागत नाही. जुन्या गिटारच्या पाठीला ते लाकूड असेल तर लाकडाचं वय सिद्ध करणाऱ्या कागदांशिवाय आणि परवान्याशिवाय हलवू नये. गजाच्या पेर्नांबुको लाकडाबाबत सायटीसच्या २०२२ च्या परिषदेत असं ठरलं की ब्राझीलमधून प्रथम निर्यात होणाऱ्या तयार गजाला परवाना लागेल, तयार गजाच्या पुनर्निर्यातीला नाही. गजाच्या टोकाचं हस्तिदंत, कासवाच्या कवचाची नक्षी, घोरपडीचं कातडं यांतलं काही असेल तर आधी परवान्याची चौकशी. हस्तिदंताचं टोक कारागिराकडून बदलून घेणं बहुधा परवान्यापेक्षा लवकर होतं.

अमेरिकेत याशिवाय लेसी कायदा आहे: वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि ती कुठल्या देशात तोडली, हे जाहीर करावं लागतं. शिंपल्याचं जडावकाम असेल तर वन्यजीव खात्याचा वेगळा अर्ज. गिब्सनसारख्या कंपनीला लाकडाच्या आयातीवरून २०१२ मध्ये ३ लाख डॉलरचा दंड भरून प्रकरण मिटवावं लागलं होतं. म्हणून बीजकाला एक पान जोडावं: पुढचा पाट, पाठ, मान, फिंगरबोर्ड, घोडी, नट, नक्षी, प्रत्येकासमोर वस्तूचं शास्त्रीय नाव.

मोडलं तर

बिल २८ किलोंचं, भरपाई मात्र नऊ किलोंची. माँट्रियल कराराप्रमाणे आंतरराष्ट्रीय हवाई मालावर वाहकाची जबाबदारी किलोमागे २६ एसडीआरपर्यंत (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन) आहे (२८ डिसेंबर २०२४ पासून, त्याआधी २२), आणि ती खऱ्या वजनावर मोजतात. नऊ किलोला २३४ एसडीआर. चांगल्या गिटारची केसही त्यात भागत नाही. टपालाला हा करार लागू नाही, तिथे टपालाचे स्वतःचे नियम.

कुरियरच्या अर्जावरचा ‘घोषित किंमत’ हा रकाना म्हणजे विमा नव्हे. वाहकाच्या जबाबदारीची मर्यादा फक्त वर सरकते आणि चूक त्याची होती हा वाद उरतोच. काही कुरियरच्या अटींत वीस वर्षांहून जुन्या वाद्यांना आणि खास बनवून घेतलेल्या वाद्यांना किरकोळ कमाल रक्कमच मिळते, तुम्ही काहीही किंमत लिहा. महाग वाद्याला वाटेतला स्वतंत्र सर्वजोखमी विमा घ्यावा, आणि त्यातलं वगळणुकीचं पान वाचावं: हवामानाने पडलेल्या चिरा आणि ‘अपुरी बांधणी’ बहुतेक ठिकाणी वगळलेल्या असतात. बांधणीच्या या कलमावरच दावे फेटाळले जातात. त्यासाठी प्रत्येक थराचा फोटो, हेडस्टॉकच्या मागचा जवळून फोटो, आणि बंद खोक्याच्या सहाही बाजू.

गिऱ्हाइकाला बुकिंगच्या दिवशीच चार ओळी पाठवाव्यात. खोका चेपलेला दिसला तर सही करताना तसं लिहून द्यायचं. मालाचं नुकसान दिसलं तर माँट्रियल कराराखाली लेखी तक्रारीला १४ दिवसांची मुदत आहे, कुरियरची स्वतःची मुदत वेगळी असू शकते. खोका आणि भराव टाकायचा नाही, पाहणी करणारा तोच मागतो. आणि थंडीच्या दिवसांत खोका घरात आणून न उघडता चोवीस तास तसाच ठेवायचा. गारठलेलं नायट्रो पॉलिश एकदम उबेत आलं की केसासारख्या रेषांनी तडकतं, आणि ते नुकसान ना कुरियर मानतं ना विमा. त्यानंतर केस उघडून व्हिडिओ काढायचा, आणि तारा एका बैठकीत न चढवता पहिल्या दिवशी निम्म्या, दुसऱ्या दिवशी सुरात.